फवारणीच्या गावात रक्त-लघवीचे नमुने: नवख्यांसाठी

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. ‘कीटकनाशकाशी संपर्क आला का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ ऐकायला मिळेल. ‘कोणतं औषध मारलं, किती पंप मारले?’ असं विचारा, माणूस सगळं सांगतो. बायोमॉनिटरिंग म्हणजे शरीरात गेलेलं रसायन किंवा त्याच्या खुणा रक्त-लघवीत मोजणं. या कामात येणाऱ्याने यंत्राच्या आधी हे विचारणं शिकावं. नाव ऐकून थांबू नका; डबा बघायला मागा आणि लेबलवरच्या घटकांचा फोटो घ्या. एकाच पंपात दोन-तीन औषधं, वर टॉनिक, हे नेहमीचंच आहे, आणि काय मोजायचं ते त्या घटकांवरूनच ठरतं.

क्लोरपायरिफॉस अंगात गेलं की लघवीत ट्रायक्लोरोपिरिडिनॉल उतरतं. प्रोफेनोफॉसचं ब्रोमोक्लोरोफेनॉल होतं, सायपरमेथ्रिनसारख्यांचं फिनॉक्सिबेन्झोइक आम्ल. मोनोक्रोटोफॉसला अशी खास खूण नाही, तिथे डायमिथाइल फॉस्फेटवर भागवावं लागतं. पण हीच फॉस्फेटं भाजीपाल्यावर औषध आपोआप विघटित होऊनही तयार असतात आणि जेवणातून सरळ लघवीत येतात. त्यामुळे फक्त त्यांच्या आकड्यावरून ‘एवढं औषध अंगात गेलं’ असं लिहू नका.

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं अंगात गेली की कोलिनेस्टरेज हे नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम दबतं. त्याची रक्ततपासणी स्वस्त आहे, म्हणून सगळे आधी तिच्याकडे वळतात. तिचं सगळं गणित पहिल्या आकड्यावर उभं आहे. निरोगी माणसांतही हे प्रमाण इतकं कमी-जास्त असतं की प्रत्येकाचा फवारणीआधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. हा नमुना औषधाशी किमान 30 दिवस संबंध न आलेल्या काळात घ्या, आणि पुढचे सगळे नमुने त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासा. कॅलिफोर्नियाच्या नियमांत आकडा मूळच्या 80 टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतलं एन्झाइम 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं (रक्ताच्या पातळ भागातलं) 60 टक्क्यांवर आलं की कामगाराला फवारणीवरून काढतात. प्लाझ्मातला आकडा यकृताच्या आजारात, गरोदरपणात आणि कुपोषणातही खाली असतो. म्हणून दोन्ही मोजा.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात वापरात असलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉनही होतं. ते ऑर्गॅनोफॉस्फेट नाही, कोलिनेस्टरेजवर त्याचा वार होत नाही. अशा औषधाने आजारी पडलेल्या माणसाचा हा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘विषबाधा नाही’ म्हणणं ही जीवघेणी चूक आहे.

नमुना घेताना बहुतेक घोळ हातांमुळे होतात. बोटांवरचं औषध लघवीच्या डबीत पडतं, कातडीवरचं सुईबरोबर रक्तात येतं. आधी दोन्ही हात आणि कोपराची घडी साबणाने धुऊन घ्या. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही. लघवीसाठी 100 मिलीची पॉलिप्रॉपिलिनची डबी घ्या. ट्रायक्लोरोपिरिडिनॉलचं प्रमाण साधारण 27 तासांत निम्म्यावर येतं, म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशीची पहाटेची पहिली लघवी घ्या आणि वेळ लिहा. आठवड्याने गेलात तर हाती काही लागणार नाही. दर वीस नमुन्यांमागे एका डबीत प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी भरून तीही सोबत पाठवा. त्यात काही सापडलं तर दोष डबीचा किंवा हाताळणीचा. लेबल डबी भरण्याआधी लावा, गारठ्याने ओली झालेली डबी चिकटपट्टी धरत नाही. त्यावर नावाऐवजी क्रमांक टाका. एकाच नावाची चार माणसं प्रत्येक गावात असतात.

रक्ताची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका. बर्फाला थेट टेकवलीत तर पेशी फुटतात, त्यांतलं एन्झाइम प्लाझ्मात मिसळतं आणि आकडा खोटाच वाढतो. मध्ये कापड घाला. लघवी लहान कुप्यांत वाटून उणे 20 अंशांवर ठेवा, पण कुपी काठोकाठ भरू नका; गोठताना फुगून झाकण उडतं.

उन्हात राबणारा माणूस पाणी कमी पितो, त्याची लघवी घट्ट असते आणि प्रत्येक रसायन जास्त दिसतं. त्यासाठी रसायनाच्या आकड्याला क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थाच्या आकड्याने भागतात; क्रिएटिनिन 0.3 ते 3 ग्रॅम प्रतिलिटरच्या बाहेर असलेला नमुना पुन्हा मागवावा. पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं, त्यामुळे पोरासोरांची आणि धडधाकट गड्याची तुलना त्याने फसते. तिथे रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या यंत्राने विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी पाण्यापेक्षा किती घट्ट आहे ते, मोजा.

फक्त पंपवाल्यांचेच नमुने घेणं हा आणखी एक ठरलेला दोष. पाणी आणून देणारी, औषध कालवणारी, रात्री ते कपडे धुणारी बाई यादीत नसेल तर गावाचं चित्र अर्धंच राहिलं.

संमतिपत्र मराठीत वाचून दाखवा. 7 ते 12 वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकारही पालकांच्या सहीसोबत लागतो. लघवीतल्या बहुतेक खुणांना ‘याच्या वर आजार’ अशी रेघ नाही, हे नमुना घेतानाच सांगा. कोलिनेस्टरेज घसरलेल्याला मात्र त्याच दिवशी कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. ग्रामसभेत नावांशिवाय एकत्रित आकडे ठेवा, तेही शेतात पऱ्हाटी उभी असताना. त्यासाठी प्रयोगशाळेची तारीख पेरणीआधीच ठरवून घ्यावी लागते.