अरबी कादंबरीत बाई, पुरुष आणि देश एकत्र कसे वाचायचे

अरबी कादंबरी हातात घेतली की बरेच जण एकच प्रश्न घेऊन बसतात, यात बाईवर किती अन्याय दाखवलाय? मला वाटतं घोळ तिथेच होतो, कारण मग बाई एकीकडे राहते आणि देशाचं राजकारण दुसरीकडे, आणि या कादंबऱ्यांत तर दोन्ही एकाच छपराखाली नांदतंय. त्यापेक्षा दाराकडे लक्ष ठेवा. उंबरा कोण ओलांडतंय, कोणाला विचारून, आणि तेव्हा बाहेर कोणतं साल चालू आहे, एवढं पेन्सिलीने समासात लिहीत जा.

सुरुवात नजीब महफूज यांच्या ‘बैन अल-कसरैन’पासून करा (१९५६). कैरोतलं घर, काळ १९१७ ते १९१९. नवरा कामासाठी पोर्ट सईदला गेलेला, मुलं आईला म्हणतात आता जाऊनच ये, आणि इतकी वर्षं एकटी बाहेर न पडलेली अमीना धाकट्या कमालला घेऊन हुसेन मशिदीत जाते. मोटारीचा धक्का लागतो, गळ्याजवळचं हाड मोडतं. नवरा ती बरी होईपर्यंत थांबतो आणि मग तिला आईकडे धाडून देतो, म्हणजे बाहेर पडली म्हणून घराबाहेर! आणि हाच माणूस पुढे ब्रिटिशांकडे इजिप्तचं स्वातंत्र्य मागणाऱ्या नेत्याच्या, सअद जगलूल यांच्या शिष्टमंडळाला पाठिंबा देणाऱ्या कागदावर सही करतो. ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचा. देशाला स्वातंत्र्य हवंय, घरात मात्र एकाचंच राज्य, आणि लेखक यावर भाषण देत नाही, म्हणूनच ते इतकं लागतं.

मग लतीफा अल-जय्यात यांची ‘अल-बाब अल-मफ्तूह’ घ्या (१९६०), नावातच उघडं दार आहे. शाळकरी लैला ब्रिटिशांविरुद्धच्या मोर्चात जाते म्हणून वडिलांचा मार खाते, १९५६ मध्ये सुएझच्या युद्धात तीच पोर्ट सईदच्या लढ्यात उभी असते. इथे मात्र स्वतःला विचारा, दार तिने उघडलं की युद्धाने? माझं उत्तर अजून दर वाचनाला बदलतं.

पुरुषांना सोडू नका, लिंगभाव म्हणजे फक्त बायका नव्हे. गस्सान कनफानी यांच्या ‘रिजाल फी अल-शम्स’मध्ये (१९६३) टँकरचा ड्रायव्हर अबुल खैझुरान १९४८ च्या युद्धात देशही गमावून बसलाय आणि पौरुषही. सरहद्दीवरचे अधिकारी बसऱ्याच्या नाचणारीवरून त्याची थट्टा करत त्याला अडकवून ठेवतात, आणि तेवढ्या वेळात चोरून कुवेतला जायला निघालेले, रिकाम्या टाकीत लपलेले तीन पॅलेस्टिनी उन्हाने मरतात. मर्दानगीच्या गप्पांची किंमत तिघांनी मोजली, हे बघा.

भाषांतर वाचत असाल तरी दोन जोड्या माहीत असू द्या. उम्म म्हणजे आई, उम्मा म्हणजे समाज किंवा राष्ट्र. अर्द म्हणजे जमीन आणि इर्द म्हणजे अब्रू, जी बहुतेक वेळा बायकांच्या वागण्यावरून मोजतात. ऐकायला सारखे असलेले हे दोन शब्द एकत्र घेऊन जमीन आणि अब्रू राखायची भाषा होते.

पण म्हणून दिसेल त्या बाईला मातृभूमी करू नका. अमीना कैरोची प्रतीक वगैरे असेल नसेल, आधी तिचं हाड मोडलंय, ते दुखणं तिचं आहे.