फुलरीन मुक्त मूलके किती वेगाने टिपते: संगणकावर तपासण्याची पद्धत

सी-६० हा फुलरीन, म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ गोल, मुक्त मूलकांना (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या आक्रमक कणांना) टिपकागदासारखा शोषून घेतो, हे १९९१ सालच्या प्रयोगांतच दिसून आले होते. एका गोलावर बेंझिल मूलके किमान १५, तर मिथिल मूलके ३४ पर्यंत चिकटलेली तेव्हा आढळली. म्हणून ‘सी-६० अँटिऑक्सिडंट आहे का’ असे संगणकाला विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही. विचारायचे ते हे, की पेशीतील मेदाम्लावर तुटून पडायला निघालेल्या मूलकाला हा गोल त्याआधी गाठू शकतो का. प्रश्न वेगाचा आहे, तरीही बंधनऊर्जेचा (मूलक गोलाला किती घट्ट चिकटते याचा) एक ऋण आकडा काढून तिथेच थांबलेले प्रकल्प-अहवाल पुष्कळ दिसतात आणि त्यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

सुरुवात मूलकाच्या निवडीपासून करावी. हायड्रॉक्सिल मूलक इतके आक्रमक असते, की समोर येईल त्या सेंद्रिय रेणूशी ते जवळपास विसरणाच्या मर्यादेइतक्या, म्हणजे रेणू एकमेकांपर्यंत पोचू शकतील तितक्या, वेगाने अभिक्रिया करते. त्याने घेतलेल्या परीक्षेत सगळेच उत्तीर्ण होतात. त्यामुळे तुलनेसाठी हायड्रोपेरॉक्सिल मूलक घ्यावे. बहुअसंतृप्त मेदाम्लांशी त्याच्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक (वेग ठरवणारा आकडा), प्रति मोलर प्रति सेकंद या एककात, साधारण १,००० ते ३,००० आहे, आणि आपल्या रेणूला मागे टाकायचा आहे तो हाच आकडा. या मूलकाचा पीकेए (ज्या सामूला अर्धे रेणू प्रोटॉन गमावतात तो आकडा) ४.८ असल्याने ७.४ सामूच्या (पीएच) पाण्यात त्याचा जेमतेम पाव टक्का भाग या रूपात असतो व बाकीचा सुपरऑक्साइड आयन होतो. पाण्यातला एकूण वेग सांगताना हे विसरू नये. मूळ सी-६० मात्र पाण्यात विरघळतच नाही, तेव्हा मेदसदृश माध्यम म्हणून पेंटिल इथेनोएट या द्रावकातली गणना आधी करावी.

यंत्रणेचा निर्णय येथे सोपा आहे. सी-६० मध्ये हायड्रोजन नाही, त्यामुळे फिनॉलवर्गीय अँटिऑक्सिडंट ज्या वाटेने काम करतात ती हायड्रोजन देण्याची वाट बंद आहे. त्याची इलेक्ट्रॉन-आसक्ती (इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची ओढ) २.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे चांगलीच जास्त, असल्याने तो इलेक्ट्रॉन देण्यापेक्षा घेण्याकडे झुकलेला असतो. उरते ती मूलक थेट कार्बनवर जोडले जाण्याची अभिक्रिया. फुलरिनॉल (हायड्रॉक्सिल गट जोडलेले फुलरीन) किंवा ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजनयुक्त गट असलेला कार्बनचा एकपदरी पत्रा) अभ्यासायचे असेल, तर मात्र त्यांच्या हायड्रॉक्सिल गटांवरून हायड्रोजन निघण्याचा मार्गही तपासावा लागतो.

रचना आधी जीएफएन२-एक्सटीबी या अर्धानुभवी पद्धतीने ढोबळ सुधारून घ्यावी. त्यात काही मिनिटांचेच काम असते. मग एम०६-२एक्स हे फलनिक (इलेक्ट्रॉन-घनतेवरून ऊर्जा काढण्याचे सूत्र) आणि ६-३१जी(डी) हा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच) घेऊन नेमकी रचना काढावी. बी३एलवायपी हे लोकप्रिय फलनिक येथे टाळावे, कारण ते ऊर्जा-अडथळे (अभिक्रियेसाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची चढण) कमी दाखवते आणि विक्षेपण-बल (रेणूंमधले क्षीण आकर्षण) धरत नाही. दोन षट्कोनांमधला बंध सुमारे १.४० व षट्कोन-पंचकोनातला सुमारे १.४५ अँगस्ट्रॉम आला, की रचना ठीक समजावी. साठ कार्बनांना या सेटमध्ये ९०० बेसिस फलने लागतात, म्हणजे कंपनसंख्यांची गणना घरच्या लॅपटॉपवर टाकण्याचा मोह आवरलेला बरा. सी-६० चे ३६० आणि हायड्रोपेरॉक्सिलचे १७ मिळून ३७७, म्हणजे विषम इलेक्ट्रॉन होतात. म्हणून बहुलता (एक सुटा इलेक्ट्रॉन दर्शवणारा अंक) २ द्यावी, अनिर्बंधित (वर व खाली फिरकीच्या इलेक्ट्रॉनांना वेगळे धरणारी) गणना करावी, आणि एस-वर्गाचे (एकूण फिरकी मोजणारे) मूल्य ०.७५ पासून फार ढळले नाही ना, ते प्रत्येक टप्प्यावर पाहावे. सी-६० ऐवजी ग्राफीनचा तुकडा घेतल्यास काठाचे कार्बन हायड्रोजनने बंद करावेत, आणि काठ व मध्य या जागांची गणना वेगवेगळी करावी.

संक्रमण अवस्था (अडथळ्याच्या माथ्यावरची रचना) शोधण्यासाठी मूलकाचा ऑक्सिजन एका कार्बनपासून ३ अँगस्ट्रॉमवर ठेवून ०.१ च्या पावलांनी १.४५ पर्यंत जवळ आणावा आणि ऊर्जेच्या शिखराजवळची रचना तिथून शोधायला घ्यावी. शेवटी एकच काल्पनिक कंपनसंख्या (माथ्यावरून खाली घसरण्याची दिशा दाखवणारी) उरली पाहिजे, पण तेवढ्यावर समाधान मानू नये: ते कंपन डोळ्यांनी पाहावे. बऱ्याचदा त्यात कार्बन-ऑक्सिजन बंध जुळत नसून नुसता ओ-एच गट गिरक्या घेत असतो, आणि त्या गिरकीवर काढलेला अडथळा कितीही सुबक दिसला तरी चुकीचाच असतो.

आता हिशेबाचा भाग, आणि खऱ्या चुका इथेच होतात. अडथळा मुक्त ऊर्जेचा घ्यावा, नुसत्या इलेक्ट्रॉनीय ऊर्जेचा नव्हे, कारण दोन कण एक होताना एन्ट्रॉपीचा (हालचालीचे स्वातंत्र्य कमी झाल्याचा) मोठा दंड बसतो. संगणक-प्रणालीने १ वातावरण दाबाला दिलेली किंमत १ मोलरवर आणण्यासाठी २९८ केल्विनला १.८९ किलोकॅलरी (येथे सर्वत्र प्रति मोल) वजा करावी. मग अडथळ्यावरून वेगस्थिरांक देणाऱ्या आयरिंगच्या समीकरणात ६.२ गुणिले दहाचा बारावा घात हा पूर्वगुणक घालावा. अडथळा १३ किलोकॅलरी आला, तर वेगस्थिरांक सुमारे १,८०० येतो, म्हणजे मेदाम्लाशी जेमतेम बरोबरी. अडथळ्यात १.४ किलोकॅलरीची चूक झाली, तरी वेग दहापट इकडेतिकडे होतो.

पण गोलाला साठ सारख्या जागा आहेत, म्हणून १,८०० ला ६० ने गुणून सुमारे १,१०,००० लिहावे. एक सापळा मात्र इथे आहे: संगणक-प्रणालीने सी-६० ची पूर्ण सममिती ओळखली असेल, तर तिने भ्रमणाच्या एन्ट्रॉपीतून ६० हा सममिती-अंक (गोल फिरवून जितक्या प्रकारे तसाच दिसतो ती संख्या) हिशेबात धरून तेवढी वजावट आधीच केलेली असते आणि अडथळा २.४ किलोकॅलरीने खाली आलेला असतो. तेव्हा पुन्हा ६० ने गुणले, तर तोच फायदा दोनदा जमा होतो. आउटपुट फाइलमध्ये ‘रोटेशनल सिमेट्री नंबर’ची ओळ शोधून ती १ आहे की ६०, हे पाहिल्याशिवाय गुणाकार करू नये.

ही सर्व गणना मूळ अवस्थेची, म्हणजे अंधारातली आहे. उजेडात सी-६० जवळपास पूर्णपणे त्रिक अवस्थेत (दोन सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या उत्तेजित अवस्थेत) जातो आणि ऑक्सिजनला ऊर्जा देऊन सिंगलेट ऑक्सिजन हे त्याचे आक्रमक रूप तयार करतो, म्हणजे नेमके उलटे काम करतो. त्वचेवर लावायच्या लेपासाठी हा रेणू तपासत असाल, तर उत्तेजित अवस्थांची गणना वेगळी करावी लागेल, आणि माझ्या मते ती आधी करावी.