पायथनच्या पोटातलं एसक्यूएल निओव्हिममध्ये रंगवलं

दिग्रसजवळच्या आमच्या गावात कापूस खरेदीच्या काट्याची नोंद मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामात होते. त्यातल्या एसक्यूएलच्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत दिलेल्या आज्ञा, अवतरणचिन्हांत असल्यानं निओव्हिम या माझ्या कोड लिहायच्या एडिटरला त्या साध्या स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, वाटत. सगळं एकाच रंगात, चूक दिसायची नाही. आणि इथं चूक म्हणजे शेतकऱ्याच्या क्विंटलची चूक.

उपाय ट्री-सिटरच्या, म्हणजे कोडची रचना ओळखणाऱ्या साधनाच्या, 'इंजेक्शन'मध्ये सापडला; एका भाषेच्या आतली दुसरी भाषा ओळखायची ही सोय. निओव्हिमच्या कॉन्फिगमध्ये क्वेरीज फोल्डर, त्यात पायथन फोल्डर, त्यात इंजेक्शन्स नावाची एससीएम फाईल केली. पहिली ओळ अर्धविराम आणि 'एक्स्टेंड्स'. ही ओळ विसरू नका, नाहीतर पायथनचे मूळ इंजेक्शन-नियम बाद होतात. पुढचा नियम असा: स्ट्रिंगचा मजकूर 'सिलेक्ट', 'इन्सर्ट' किंवा 'अपडेट'नं सुरू होत असेल, तर त्याची भाषा एसक्यूएल धरायची. क्वेरी नव्या ओळीवर सुरू होत असेल, तर पॅटर्नमध्ये, म्हणजे नियमातल्या मजकूर जुळवायच्या नमुन्यात, आधीची मोकळी जागाही घ्या.

एसक्यूएलचा पार्सर, म्हणजे ती भाषा वाचून तिची रचना ओळखणारा भाग, वेगळा लागतो. गावात रेंज धड नसते, म्हणून तो दिग्रसला बसूनच उतरवला. नंतर नेट लागत नाही. रंग आला नाही तर निओव्हिमच्या 'इन्स्पेक्टट्री' या आज्ञेनं कोडच्या रचनेचं झाड उघडून तो मजकूर त्यातल्या कोणत्या नोडमध्ये, म्हणजे भागात, आहे ते बघा. आता 'व्हेअर'मधलं एक अक्षर गळलं तरी त्या शब्दाचा रंग उडतो आणि चूक तिथंच सापडते.