ओटल्यावरचं प्रात्यक्षिक

समुपदेशन शिकणाऱ्या एम.ए.च्या मुलांना रावपुऱ्यातल्या गल्लीत नेते, तेव्हा पहिल्या दोन भेटींत वही काढायची नाही, अशी माझी ताकीद असते. वही दिसली की काकू 'मोजणीवाले आले' म्हणून सावरून बसतात. ओटल्यावर टेकायचं, चहा आला तर घ्यायचा. बडोद्यातल्या आपल्या घरांत 'मन बरं नाही' असं सहसा कुणी म्हणत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, असं म्हणतात. तुम्हीही त्याच शब्दांत विचारा.

मग ऐकण्याचा सराव. जो 'काकू, सकारात्मक विचार करा' म्हणेल, त्याच्यावर त्या दिवशीच्या सगळ्यांच्या सेव-उसळीचं बिल. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं तीनदा भरलं, आता तोच सगळ्यांत छान ऐकतो.

नैराश्याची लक्षणं विचारणारी पीएचक्यू-९ ची प्रश्नावली घरच्या बोलीत पाठ हवी. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात. ती चाळणी आहे, त्यावरून कुणाला आजारी ठरवू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 'हो' आलं, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, मला लगेच फोन करायचा आणि तिथूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायचा.

खरी मेहनत पुढे आहे. सरकारी खिडकीवर 'गोळ्या संपल्या, बाहेरून घ्या' असं एका घरी कळलं, तर मुलांनी सोबत जाऊन विचारावं. तीन घरांत तेच ऐकलं, तर अर्ज. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आवश्यक यादीतली औषधं सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. अर्जात कलम, औषध, तारीख, खिडकी एवढंच लिहा. अर्ज गुजरातीत करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारा. तिथे ३० दिवसांची मुदत आहे.

कुणाची हकिगत मात्र अर्जात नको. एका सभेत मी नाव न घेता एका बाईंबद्दल बोलले. नवरा रिक्षा चालवतो, दोन मुली, एवढ्यावरून गल्लीनं ओळखलं. त्यांनी दार उघडणं बंद केलं. गोपनीयतेचं कलम २३ मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं!

तेव्हापासून प्रत्येक अर्ज आधी ओटल्यावर मोठ्यानं वाचतो आणि ज्यांच्यासाठी लिहिलाय, त्यांना खोडाखोड करू देतो. परवा एका काकूंनी 'सदर रुग्ण' काढून 'आमच्या घरातलं माणूस' घालायला लावलं. ते सरकारी गुजरातीत बसवताना मुलांची संध्याकाळ गेली.