यूएसबीएएसपी पीसीला दिसत नाही? आधी बोर्ड काढून बघा

यूएसबीएएसपी (एव्हीआर चिपमध्ये कोड भरायचं यूएसबीवरचं यंत्र, म्हणजे प्रोग्रामर) लावला तरी एव्हीआरड्यूड (तो कोड पाठवणारं पीसीवरचं सॉफ्टवेअर) 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणून अडून बसलाय, तर लगेच उद्यमनगरातनं गाडी काढून दुसरा आणायला पळू नका राव.

१) दहा पिनची पट्टी केबल चिपच्या बोर्डातनं काढा आणि नुसता प्रोग्रामर थेट पीसीच्या पोर्टात लावा, मध्ये हब नको. आता विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरला नाव आलं आणि बोर्ड जोडला की गायब होतंय, तर बोर्डात शॉर्ट आहे नाहीतर तो यूएसबीला झेपंना एवढा करंट ओढतोय, ड्रायव्हरच्या मागं लागून उपयोग नाही.

२) नाव दिसतंय पण पुढं पिवळं चिन्ह? मग ड्रायव्हरच. झॅडिग (यूएसबीचे ड्रायव्हर बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा, ऑप्शन्समधनं 'लिस्ट ऑल डिव्हाइसेस' वर टिक करा, यूएसबीएएसपी निवडा, लिबयूएसबी-के हा ड्रायव्हर टाका.

३) प्रोग्रामर सापडतोय पण चिपच उत्तर देत नाही, हे दुखणंच वेगळं. कोरी एटीमेगा ३२८पी १ मेगाहर्ट्झवर चालती, तिला वेग कमी लागतो, एव्हीआरड्यूडच्या कमांडमध्ये 'मायनस बी १०' (-B 10, बी कॅपिटलच) घाला.

तेवढं झॅडिगमध्ये नाव दोनदा वाचा. चुकून माऊस-कीबोर्डचा ड्रायव्हर बदलला तर क्लिक करायला पण काय उरत नाही.