व्हीपीएन चालू, पण एकच सर्व्हर लागेना

व्हीपीएन जोडलेलं, १७२.१६.०.०/१२ चा (पहिले १२ बिट जुळणाऱ्या सगळ्या पत्त्यांचा) रूट, म्हणजे पॅकेट कुठून पाठवायचं तो नियम, टन० या व्हीपीएनच्या आभासी इंटरफेसकडे लागलेला, बाकीचे सर्व्हर व्यवस्थित उघडत होते. फक्त १७२.१७.५.२० पिंगला दाद देईना. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' येत होतं, तेही १७२.१७.०.१ कडून, म्हणजे लिनक्स लॅपटॉपच्याच पत्त्यावरून. पॅकेट बाहेर पडतच नव्हतं.

अशा वेळी अख्खं रूटिंग टेबल (सगळ्या रूटची यादी) वाचत बसू नका. 'आयपी रूट गेट १७२.१७.५.२०' दिलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणता रूट घेणार ते एका ओळीत कळतं. उत्तर आलं: डॉकर०.

डॉकर म्हणजे कंटेनर (वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्रॅम) चालवणारं सॉफ्टवेअर. डॉकर० हा त्याचा ब्रिज, कंटेनर जोडणारा आभासी स्विच. तो मुळात १७२.१७.०.०/१६ घेतो. पत्ता /१२ मध्येही बसतो आणि /१६ मध्येही. जास्त बिट जुळतात तो रूट जिंकतो. मेट्रिक (रूटचा प्राधान्यक्रम) बदलून उपयोग शून्य, कारण ती बघितली जाते प्रीफिक्सची लांबी (/ नंतरचा आकडा) सारखी असेल तरच. एकही कंटेनर चालू नसला तरी हा रूट टेबलात राहतोच. (सगळी वाहतूक स्वतःकडे वळवताना ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन सॉफ्टवेअर डीफॉल्ट रूट न पुसता सहसा दोन /१ रूट टाकतं, ते याच नियमाच्या जोरावर.)

तात्पुरता इलाज: 'आयपी रूट ॲड १७२.१७.५.२०/३२ डेव्ह टन०'. /३२ पुढे कोणाचं चालत नाही.

कायमचा: डॉकरच्या डीमन.जेसन या सेटिंग फाइलमध्ये 'बीआयपी' ला (ब्रिजच्या पत्त्याला) १०.२००.०.१/२४ द्या आणि डॉकर रीस्टार्ट करा. चालू कंटेनर थांबतील. कंपोझची (अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या साधनाची) नेटवर्कंही सहसा १७२.१८ पासून पुढे /१६ घेतात, म्हणून 'डीफॉल्ट-ॲड्रेस-पूल्स' (नव्या नेटवर्कांना कुठले पत्ते द्यायचे ती यादी) सुद्धा बदला. जुनी नेटवर्कं मात्र 'कंपोझ डाउन' करून नव्याने उभी करावी लागतात.