‘उतरणे’ला इंग्रजीत काय म्हणाल? ‘गेट ऑफ’ नीट वापरण्याची रीत

मुलुंड गेलं की ठाण्याला उतरणारे दाराकडे सरकू लागतात. ‘ठाणा उतरणार का?’ हे पुढच्याला मराठीत सहज विचारता येतं. पण पुढचा मराठी-हिंदी न जाणणारा निघाला, की बहुतेकांच्या तोंडून ‘गेट डाउन’ बाहेर पडतं. मी ठाण्यात संध्याकाळी नोकरदारांना इंग्रजी शिकवते. हा प्रयोग मला दर बॅचमध्ये ऐकू येतो. भारतात तो सर्रास चालतो, समजतोही. पण परदेशातल्या सहकाऱ्याशी बोलताना किंवा परीक्षेच्या पेपरात तो खटकतो. तिथे ‘गेट ऑफ’ हवं.

आधी मराठी क्रियापद बाजूला ठेवा. आपण लोकलमधून उतरतो, रिक्षातून उतरतो, झाडावरूनही उतरतो. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगळे शब्द आहेत. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: कशातून उतरतोय?

दुसरी पायरी वाहन ओळखण्याची, आणि सगळी मेख इथेच आहे. ज्यात उभं राहून चालता येतं, त्याला ‘ऑफ’. लोकल, टीएमटीची बस, विमान, मोठी बोट ही सगळी यात येतात. ज्यावर टांग टाकून बसतो, त्यालाही ‘ऑफ’, म्हणजे सायकल, स्कूटर, घोडा. पण ज्यात वाकून शिरावं लागतं, त्या कारला नि टॅक्सीला ‘गेट आउट ऑफ’. रिक्षा मी याच गटात धरते. चढतानाही हीच विभागणी: बसला ‘गेट ऑन’, कारला ‘गेट इन’. नुसतं ‘गेट आउट!’ मात्र कुणाला म्हणू नका. ते ‘चालता हो’ असं ऐकू येतं. पाहुण्यांना कारमधून उतरायला सांगायचं तर ‘यू कॅन गेट आउट हिअर’ म्हणा.

आता वाक्य जुळवा. मराठीतल्या ‘-तून’मुळे ‘गेट ऑफ फ्रॉम द ट्रेन’ असं म्हणावंसं वाटतं. तो ‘फ्रॉम’ काढून टाका. ‘गेट ऑफ द ट्रेन’ एवढंच पुरतं. स्टेशनच्या नावाआधी ‘ॲट’ येतो: ‘आय गेट ऑफ ॲट ऐरोली.’ भूतकाळात ‘गेट’चं ‘गॉट’ होतं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, त्या प्रवाशांबद्दल सांगायचं तर ‘दे गॉट ऑफ ॲट ठाणे.’ ठाणेकरांना हे वाक्य मी मुद्दाम पाठ करायला लावते. एकदा गळ्यात बसलं की रूप विसरत नाही.

गर्दीतला तो प्रश्नही याच साच्यातला: ‘आर यू गेटिंग ऑफ ॲट ठाणे?’

मग ‘गेट डाउन’ कधी? शिडीवरून, झाडावरून, भिंतीवरून खाली येताना. शिवाय ‘गेट डाउन टू वर्क’ म्हणजे कंबर कसून कामाला लागणं. आणि ‘द हीट गेट्स मी डाउन’ म्हणजे उकाड्याने जीव हैराण होतो, मन खचतं.

‘गेट ऑफ’चे आणखी दोन अर्थ कामाचे आहेत. ‘आय गेट ऑफ ॲट सिक्स’ म्हणजे सहाला ऑफिस सुटतं. ऑफिसातल्या गप्पांत हे रोज लागतं, पण गाडीचा विषय चालू असेल तर ऐकणारा गोंधळेल, म्हणून तिथे ‘गेट ऑफ वर्क’ म्हणा. दुसरा अर्थ थोडक्यात सुटण्याचा: सिग्नल तोडला आणि नुसती समज देऊन सोडलं, तर ‘ही गॉट ऑफ विथ अ वॉर्निंग.’

सरावासाठी ठाणे-वाशी लोकल उत्तम. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं येत जातील, तसं प्रत्येक ठिकाणी मनात एक वाक्य बनवा: समोरचे काका घणसोलीला उतरले, कॉलेजच्या मुली कोपरखैरण्याला चढल्या. वाशीला उतरून पुढे रिक्षा केलीत, तर ती सोडताना थांबा आणि आधी ठरवा: आता ‘ऑफ’ की ‘आउट ऑफ’?